उठवलं कोणी?

चौकशीबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. थर्मामीटरवरही नाही. त्या ताप मोजायच्या, मग पेशंटच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावायच्या आणि दोघांचं एकमत झालं तरच आकडा लिहायच्या.

खरं तर त्या बायकांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर. पण हॉस्पिटलात शिरल्याबरोबर 'चौकशी' असं लिहिलेली एक खिडकी होती, आणि तिथल्या माणसाला काहीही विचारलं तरी त्याला ते ठाऊक नसायचं. इकडे वॉर्डात मात्र ह्या बाईंना कळल्याशिवाय कुणाच्या पोटात दुखायचीही सोय नव्हती. तेव्हा कुणीतरी ते नाव खिडकीवरून उचलून बाईंना चिकटवलं. बाईंना ते माहीत होतं. नाव ठेवणारं कोण, ह्याचा त्यांचा तपास अजून चालू होता.

घरीही तेच. चपला पायात घालण्याआधी उलट्या करून आपटायच्या. अभ्रे झटकायचे, टॉवेल झटकायचे, दोरीवरचे कपडे घडी घालण्याआधी पुन्हा झटकायचे. विंचू चावलेले पेशंट बघून बघून हाताला लागलेलं वळण.

"आई, आपण चौथ्या मजल्यावर राहतो," मुलगी म्हणायची. "विंचू काय लिफ्टनं येणारे?"

"लिफ्ट निम्मा वेळ बंद असते. जिन्यानं येईल."

"मग दमेल गं बिचारा. चावायची ताकद तरी उरेल का?"

घड्याळं दुरुस्त करणारा नवरा डोळ्याचं भिंग न काढता हसायचा. "तू हिच्या नादी लागू नकोस. लग्न ठरत होतं तेव्हा ही माझ्या मालकाकडे जाऊन विचारून आली होती, की घड्याळं हाच दुरुस्त करतो ना."

"विचारलं तर बिघडलं काय?"

"तो हो म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी बंद पडलेलं घड्याळ घेऊन हजर!"

"चाललं ना ते? चाललं म्हणून तर तुमचंही चाललं."

पण ह्या संशयानं माणसं वाचायची. विंचवाच्या बाबतीत तर हमखास. पेशंट बोंबलत आला की बाई शांत असायच्या. "ओरडतोय ना? ओरडू दे. दुखणं जागच्या जागी आहे." आणि एखादा म्हणाला की आता दुखायचं थांबलं, बरं वाटतंय, की बाईंचे डोळे बारीक व्हायचे. हातपाय गार आहेत का, अंगाला घाम फुटलाय का, हे त्या आधी बघायच्या. कारण विष जागा सोडून अंगात फिरायला लागलं की रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदयाची दमछाक होते. त्यावर एक गोळी असते, आवळलेलं सैल करणारी. गोळी गुणाची, पण तिची एक अट असते. ती पोटात गेल्यावर पेशंटनं आडवं पडून राहायचं. ताडकन उठून बसला तर रक्तदाब धाडकन खाली येतो आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. म्हणून बाईंनी खाटेला अडकवायला पुठ्ठ्याची पाटी करून घेतली होती. 'उठवू नये.' आणि खाली लाल अक्षरात, 'नातेवाइकांनी तर मुळीच नाही.'

एका सकाळी लाकडाच्या वखारीतून दोघी आल्या, विंचू चावला म्हणून. पुढे सासू, हाडापेरानं मजबूत, डोक्याला फडकं, अंगभर भुसा. तिच्या खांद्यावर रेललेली सून, तिच्याही अंगावर भुसाच, पण घामानं चिकटलेला.

"कुठे चावला?" बाईंनी विचारलं.

"हाताला," सासू म्हणाली.

"मी हिला विचारतेय."

"बोटाला," सून म्हणाली. "फळी उचलली, तर खाली होता."

"दुखतंय?"

"मघाशी खूप दुखत होतं. आता नाही."

"आता बरं वाटतंय तिला," सासूनं घाईघाईनं जोडलं.

बाईंनी सुनेच्या पावलाला हात लावला. पाऊल फरशीसारखं गार. "वाटतंय खरं!" त्या म्हणाल्या आणि तिथूनच ओरडल्या, "डॉक्टर! विंचू!"

डॉक्टर तरुण होते, पण बाई अशा आवाजात ओरडल्या की हातातला चहा टाकून यायचं एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी रक्तदाब पाहिला, तो चढलेला होता. विंचवावरची लस सुरू केली, गोळी दिली. बाईंनी सुनेला खाटेवर सरळ आडवं केलं, पाटी अडकवली, आणि हाताला सुई लावताना त्यांना दिसलं की कोपराच्या वर गोल लाल वळ होता.

"हे काय?"

"काही नाही," सासू म्हणाली.

"काही बांधलं होतं?"

"नाही."

"मग हा वळ काय विंचवानं काढला? नांगी मारली आणि वर गाठही मारून गेला?"

सासूनं नजर खाली वळवली. तिच्या डोक्यावरच्या फडक्याला पीळ दिल्यासारख्या सुरकुत्या होत्या. बाईंनी वळाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. बांधलं हिनंच. आता खोटं बोलतेय. आणि एक खोटं बोलते म्हणजे आणखीही काही दडवतेय.

शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये टांगलेली एक पेशंट होती. हलता येत नसल्यामुळे ती सगळा वॉर्ड डोळ्यांनी फिरायची. बाई जवळून जाताना ती कुजबुजली, "सिस्टर, ही सासू जरा जास्तच शहाणी दिसते हो. सुनेला बोलू देईना."

"बघतेय मी."

"माझी सासू असती ना, तर तिनं विंचवाला शोधून आधी त्याचं कौतुक केलं असतं."

बाई हसल्या नाहीत. विषाची, सापाची, विंचवाची केस आली की हॉस्पिटलच्या चौकीतला हवालदार येऊन दोन प्रश्न विचारून जायचा. ते प्रश्न विचारताना तो स्वतःच जांभई द्यायचा. त्या दिवशी बाईंनी त्याला दाराशी गाठलं आणि म्हणाल्या, "सासूकडे जरा लक्ष असू द्या."

हे सासूला ऐकू गेलं. जावं म्हणूनच बाई तेवढ्या मोठ्यानं बोलल्या होत्या.

त्यानंतर सासूनं तोंडाला कुलूप लावलं. खाटेशेजारच्या स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली आणि बाई समोरून गेल्या की त्यांच्या हातात काय आहे ते बघायची. गोळीचं पाकीट बघायची, सुई बघायची, सलाईनच्या बाटलीवरची अक्षरं वाचता येत असल्यासारखी बघायची. बाई तिच्यावर नजर ठेवून, ती बाईंवर. मधे सून, छताकडे बघत.

एका फेरीत बाई आल्या आणि थबकल्या. सुनेच्या पाठीखाली ब्लँकेटची जाड गुंडाळी, मान आणि खांदे वर.

"उठवलं कोणी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"विचारतेय मी, उठवलं कोणी?"

"कुणी नाही," सासू म्हणाली.

"अच्छा. म्हणजे ब्लँकेट आपणहून गुंडाळलं गेलं आणि चालत पाठीखाली गेलं."

प्लास्टरवाली खुदकन हसली. बाईंनी गुंडाळी ओढून काढली, सुनेला सपाट झोपवलं आणि रक्तदाब घेतला. सुदैवानं फार उतरला नव्हता. "ऐका मावशी," त्या सासूला म्हणाल्या, "त्या गोळीवर बसवलंत तर ही कोसळेल. जिवावर बेतेल. समजलं?"

"समजलं."

"मग पुन्हा करू नका."

सुनेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं आणि मिटलं. बाईंनी ते टिपलं. धाक आहे, त्यांनी ठरवलं. पोरगी सासूच्या धाकात आहे.

जरा वेळानं बाई औषधांच्या कपाटाशी होत्या. कपाटाच्या काचेत मागच्या खाटा दिसायच्या, आणि त्या मुद्दाम पाठ करून उभ्या होत्या. काचेत त्यांना सासू स्टुलावरून उठताना दिसली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, खाटेच्या डोक्याशी चढून बसली आणि सुनेचे खांदे उचलून स्वतःच्या छातीशी टेकवले. सुनेनं डोळे मिटून मान मागे टाकली.

"धरलं!" असं बाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांची चप्पल तसं म्हणत खाटेपर्यंत आली.

"उतरा खाली."

"सिस्टर, मीच..." सून म्हणाली आणि थांबली. "मीच म्हटलं... त्यांना..."

"तू बोलू नकोस गं. घाबरू नकोस. मी आहे ना." मघाचं एवढंसं वाक्य बोलताना पोरगी तीनदा थांबली होती. बाईंना ती भीती वाटली. सासूची भीती. "आणि तुम्ही, चला बाहेर."

"मी नाही जाणार," सासू म्हणाली. तिचं बऱ्याच वेळानं निघालेलं पहिलं सबंध वाक्य. "तिला तुमच्याजवळ एकटी सोडणार नाही मी."

"माझ्याजवळ? मी काय करणारे तिला?"

"काय माहीत! गोळी दिलीत तेव्हापासून तिचं..."

"वॉचमन!"

वॉचमननं सासूला दंडाला धरून दारापर्यंत नेलं. दारात ती वळली. "अहो, ऐका तरी! तिला आडवं केलं की..."

"आडवंच ठेवायचंय तिला!" बाई म्हणाल्या आणि दार लोटलं.

वॉर्ड शांत झाला. बाईंनी सुनेच्या अंगावरची चादर सारखी केली. "आता पड निवांत. कुणी नाही त्रास द्यायला." सुनेनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की चांगलं काम केल्यावर जे बरं वाटतं ते बाईंना काही नीटसं वाटेना. पण पलीकडे एका म्हातारीचं सलाईन संपलं होतं. त्या तिकडे गेल्या.

"सिस्टर!" प्लास्टरवालीचा आवाज आला. "सिस्टर, परत उठली!"

"ती आत आलीच कशी?" बाई तिकडूनच कडाडल्या.

"कोण?"

"सासू!"

"सासू कुठली? ती बाहेर बसलीय की. ही आपली आपणच उठलीय. कठडा धरून."

बाई आल्या. सून दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरून पुढे वाकून बसली होती. खांदे वरखाली होत होते. खोकली, पुन्हा खोकली. जवळपास कुणी नव्हतं. गुंडाळी नव्हती, सासू नव्हती, धाक नव्हता. ज्याच्यावर बोट ठेवावं असं त्या खाटेपाशी एकही माणूस उरलं नव्हतं.

मग बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "का उठलीस गं?"

"आडवं... पडलं की..." सून म्हणाली, "पाण्यात... बुडल्यासारखं... होतं."

बाईंनी तिच्या पाठीला तपासायची नळी लावली. कानाशी केस चोळले की येतो तसा बारीक चुरचुर आवाज, दोन्ही बाजूंना, खालून निम्म्या पाठीपर्यंत. त्यांनी तिच्या मुठीतला रुमाल सोडवून उघडला. त्यात फेस होता, आणि फेसाला गुलाबी झाक.

"डॉक्टर!" बाई ओरडल्या. ह्या वेळी विंचू म्हणायला थांबल्या नाहीत.

डॉक्टर धावत आले, पाठ ऐकली आणि म्हणाले, "फुप्फुसांत पाणी भरतंय. हृदय थकलंय. बसवा हिला."

"गोळी दिलीय, डॉक्टर."

"माहीत आहे. रक्तदाब?"

"टिकून आहे. चांगला आहे."

"मग बसवाच. पाय खाटेवरच राहू देत, खाली सोडायचे नाहीत. आणि दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा काढू नका, सारखा मोजत राहा."

प्राणवायूचा मास्क लागला. पाणी उतरवायचं इंजेक्शन गेलं, हृदयाला आधार देणारं औषध सलाईनच्या नळीतून थेंबथेंब सुरू झालं. खाटेचं डोकं वर करायचा दांडा बाईंनी फिरवला, तर तो नुसताच गरगर फिरला. खाट जागची हलली नाही. उशा ठेवल्या, त्या घसरल्या. पोरगी कलंडायला लागली.

"सासूला बोलवा," बाई वॉचमनला म्हणाल्या. "पळत."

सासू आली आणि मास्क बघून दारातच थिजली. "काय केलंत तिला?"

"मागे बसा तिच्या. मघाशी बसला होतात तशाच."

"आता बसवायचं? मघाशी तर जिवावर बेतेल म्हणालात!"

"मघाशी चुकले मी. बसा."

वॉर्डात असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. प्लास्टरवालीनं तर मान उचलून खात्री केली की बोललं कोण. सासूनं मात्र बाईंच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, ही काय नवी चाल आहे म्हणून. मग भुशासकट खाटेवर चढली, पाठ भिंतीला लावली आणि सुनेला छातीशी घेतलं.

बाई पट्टा फुगवायच्या, आकडा सांगायच्या, डॉक्टर औषधाचे थेंब कमीजास्त करायचे. सुनेचा श्वास ऐकू येत होता, ओल्या कपड्यातून ओढल्यासारखा. एकदा रक्तदाब घसरला तशी सासू म्हणाली, "काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?"

"काही नाही."

"खोटं बोलू नका."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "उतरलाय थोडा. वर आणतोय आम्ही."

"हां. असं सांगा."

तो वर आला. हळूहळू श्वासातला ओला आवाज विरळ झाला. डॉक्टरांनी पुन्हा पाठ ऐकली, कपाळ पुसलं आणि म्हणाले की आत्ता तरी वळण चांगलं आहे, पण इथून हलू नका कुणी. मग ते दुसऱ्या वॉर्डात गेले. बाई स्टुलावर टेकल्या. सासूच्याच स्टुलावर.

"बांधलं होतं ना?" बराच वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती.

"बांधलं होतं. वखारीतले सगळे म्हणाले, बांध, विष वर चढेल."

"मग नाही का म्हणालात?"

"मालकानं येताना बजावलं. बांधलं म्हणून सांगाल तर दारातूनच परत पाठवतील म्हणाला. आणि तुम्ही तर माझ्यासाठी पोलीस बोलावलात."

"तो सगळ्यांसाठीच येतो."

"माझ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलंत, तेही सगळ्यांसाठीच?"

बाई पट्टा सारखा करायला लागल्या. तो सारखाच होता.

"हिला दम लागतोय हे सांगायचं होतंत की मला."

"कुणाला सांगू? तुम्ही आलात की एकच. उठवलं कोणी, उठवलं कोणी! का उठवलं, असं एकदा विचारलं असतंत तर सांगितलं नसतं का मी? मला वाटलं, तुमच्या गोळीनंच होतंय. आणि तुम्हाला कळू द्यायचं नसेल, म्हणून निजवताय."

"गोळीनं नाही हो. विषानं."

"ते आता म्हणताय."

जे वाक्य त्या आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आल्या होत्या, ते त्यांनी पहिल्यांदाच समोरून ऐकलं. मास्कच्या आतून सुनेचा आवाज आला, घोगरा पण सलग. "आई, भांडू नका ना."

तरी बाईंना राहवलं नाही. "फडकं सोडलंत कधी?"

"वखारीतून निघतानाच."

"खरं?"

सासूनं सुनेच्या केसांतला भुसा काढत जरा वेळ घेतला. "नाही. इथे, दारात."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांची ड्यूटी संपली तरी त्या घरी गेल्या नाहीत. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "कुणावर संशय आहे?" त्या म्हणाल्या, "तूर्त माझ्यावरच," आणि ठेवून दिला. नवरा हातातलं घड्याळ ठेवून बराच वेळ फोनकडे बघत राहिला, असं मुलीनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला. पावलं ऊबदार झाली होती, पाठ स्वच्छ ऐकू येत होती. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला असं म्हणायला हरकत नाही. बाईंनी 'हरकत नाही' म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्याकडून दोनदा समजून घेतलं. सासूनं तिसऱ्यांदा.

दुपारी बाई औषधं वाटत होत्या, तेवढ्यात सासू धावत आली. हातात चहाचा कप, अर्धा सांडलेला.

"सिस्टर! मी चहा आणायला गेले, आणि ही आडवी!"

"कुणी केलं आडवं?" बाई बोलून गेल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

"कुणी नाही. आपणच झोपलीय. पार सपाट. हलत नाही!"

दोघी खाटेशी आल्या. सून उताणी, एक हात डोक्याखाली, तोंड किंचित उघडं. बाई वाकल्या. सासूही वाकली. बाईंनी मनगट धरलं, सासूनं पाऊल. चादर छातीवर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आवाज नव्हता.

"चालू आहे," बाई पुटपुटल्या.

"खात्री आहे?"

"थांबा, अजून एकदा बघू."

पलीकडून प्लास्टरवाली म्हणाली, "अहो, झोपलीय ती! माणूस झोपतो कधी कधी!"

दोघींनी तिच्याकडे एकाच वेळी असं पाहिलं की तिनं पांघरूण वर ओढून घेतलं. मग दोघी पुन्हा खाली वाकल्या, इतक्या जवळ, की त्यांची डोकी एकमेकींना लागली.

सुनेनं एक डोळा उघडला. वर दोन तोंडं, दोन्ही संशयानं भरलेली.

"दोघीही जा ना जरा," ती म्हणाली, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली.